दुखरा गुडघा आणि लोखंडाची प्लेट: धावणाऱ्यांसाठी वजनाच्या व्यायामाचा क्रम

नागपुरात दिवाळी सरली की फुटाळ्याच्या काठावर, सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली आणि अंबाझरीच्या बाजूला सकाळी धावणाऱ्यांची गर्दी वाढते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात थंडावलेल्या पायांकडून एकदम दहा-बारा किलोमीटर मागितले जातात, कारण हिवाळ्यातल्या शर्यतीचे पैसे भरून झालेले असतात. मग डिसेंबरच्या आसपास ठरलेली तक्रार ऐकू येते: "धावताना एवढं नाही, पण जिना उतरताना वाटीच्या मागे दुखते." घरचे म्हणतात, धावणं सोड. जिममधला मित्र म्हणतो, "अबे, पाय कमजोर आहेत तुझे, स्क्वॉट मार न." घरच्यांचं ऐकून महिनाभर पडून राहिलं तर मांडी आणखी सुकते. मित्राचं तसंच्या तसं ऐकलं तर गुडघा चिडतो.

मित्राचं निदान मात्र बऱ्याचदा बरोबर असतं. पाय बळकट करायचेच आहेत. फक्त किती किलो उचलायचे हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी गुडघा किती वाकवायचा हे ठरवावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची तब्येत कशी आहे हे पाहावं लागतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

दुखणं नक्की कुठलं?

'रनर्स नी' म्हणजे गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीमागे होणारं दुखणं. विचारलं की माणूस एका बोटाने जागा दाखवू शकत नाही, अख्खा तळवा वाटीवर ठेवतो. जिना उतरताना, उकिडवं बसताना, उतारावर धावताना ते वाढतं. अमरावतीपर्यंत बसमध्ये पाय दुमडून बसलं आणि उतरताना गुडघा आखडलेला, दुखरा वाटला, तर तीही याचीच खूण.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर धावल्यावर सुरू होणारी टोचणी बहुधा मांडीच्या बाहेरून येणाऱ्या जाड पट्ट्याची असते. वाटीच्या खालच्या टोकाला बोट ठेवताच दुखत असेल तर संशय तिथल्या कंडरेवर. या दोन्हींचे व्यायाम काही प्रमाणात सारखेच असले तरी कोनांचं आणि वजनाचं गणित वेगळं आहे. खालचा क्रम त्यांना जसाच्या तसा लावू नका.

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर जिम राहू द्या, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा: गुडघ्याला उघड सूज आहे, तो मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही, चालताना दगा देऊन लचकतो, पडल्यावर किंवा मुरगळल्यावर दुखणं सुरू झालं, पायावर वजनच पेलवत नाही, गुडघा लाल आणि गरम होऊन ताप आला आहे, किंवा रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखतं. पोटरी सुजून दुखत असेल तर उशीर नकोच. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांची अस्थिरोग ओपीडी असो की तुमचे नेहमीचे डॉक्टर असोत, या लक्षणांत एकदा हात लावून तपासणी झालीच पाहिजे.

यातलं काही नसेल तर उगीच एमआरआयच्या मागे लागू नका. या दुखण्याचं निदान मुख्यतः प्रश्न विचारून आणि तपासून होतं. गुडघ्यातून येणाऱ्या कुरकुर आवाजालाही लोक फार घाबरतात. दुखणं किंवा सूज नसेल तर नुसता आवाज व्यायाम थांबवण्याचं कारण होत नाही.

वाटीवर भार येतो कसा

विहिरीच्या रहाटाची कप्पी आठवा. दोर कप्पीवरून वळतो, ओढ जितकी जास्त तितकी कप्पी दाबली जाते. मांडीच्या पुढच्या स्नायूचा दोर वाटीवरून वळून नडगीच्या हाडाला धरतो. तो स्नायू ओढतो तेव्हा वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत दाबली जाते, आणि गुडघा जितका वाकलेला तितका हा दाब वाढत जातो.

१९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापाचे आकडे अजूनही सांगितले जातात. सपाट चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा भार, जिन्यावर तिपटीहून जास्त, आणि पूर्ण खाली बसून उठताना सातपटीहून जास्त. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत हे अनुक्रमे पस्तीस किलो, सव्वादोनशेच्या पुढे आणि पाचशेच्या आसपास होतं, हातात काहीही न धरता. म्हणूनच वीस किलो घेऊन केलेला अर्धवट स्क्वॉट, म्हणजे अर्धी बैठक, गुडघ्याला सोसतो आणि आखाड्यातल्या रिकाम्या हाताच्या पन्नास बैठका सोसत नाहीत.

निरोगी गुडघा हा भार रोज पेलतो. बिघडतं ते भार एकदम वाढला की: आठवड्याचं अंतर दुप्पट झालं, सेमिनरी हिल्सचे चढ-उतार अचानक सुरू झाले, किंवा नवीन जिममध्ये पहिल्याच दिवशी 'लेग डे', म्हणजे फक्त पायांचे व्यायाम, करून घेतला. त्यात खुब्याचे बाजूचे स्नायू कमी पडत असतील तर प्रत्येक पावलाला मांडी आत वळते आणि खाच वाटीखालून सरकते. खुबा आणि मांडी दोन्ही बळकट करावी, नुसतं एकाचं भागत नाही, हे आता तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पक्कं झालेलं आहे.

दुखण्याचं मीटर

पूर्ण शून्य दुखणं असेल तरच व्यायाम करायचा असं ठरवलं तर कित्येकांची सुरुवातच होणार नाही. म्हणून शून्य ते दहा असं मीटर धरा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य.

व्यायाम करताना दोनपर्यंत चालेल. तीनवर आलं की खोली कमी करा किंवा वजन उतरवा. चारवर तो व्यायाम त्या दिवशी बंद. संपल्यावर तासाभरात दुखणं मूळ पातळीवर यायला हवं. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: उठल्यावर जिना उतरा. घरी जिना नसेल तर दारातल्या पायरीवरून दुखऱ्या पायाच्या आधाराने दुसरा पाय सावकाश खाली टेकवा. कालच्याइतकंच किंवा कमी दुखलं तर कालचा व्यायाम पचला. जास्त दुखलं तर कालचा डोस मोठा होता, मग करताना कितीही मस्त वाटलेलं असो.

हे रोज एका वहीत लिहा. तारीख, व्यायाम, वजन, करतानाचा आकडा, दुसऱ्या सकाळचा आकडा. मोबाइलमधलं ॲपही चालेल, पण माझा अनुभव असा की वही उघडली जाते आणि ॲप विसरलं जातं. व्यायामाआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. मीटरच बंद केलं तर वाचणार काय?

कोनाचा हिशेब

सरळ पाय म्हणजे शून्य अंश, साध्या खुर्चीत बसल्यावर गुडघ्यात साधारण नव्वद. पंचेचाळीस म्हणजे त्याच्या बरोबर मध्ये.

पाय जमिनीवर किंवा फळीवर टेकलेले असतात असे व्यायाम, म्हणजे स्क्वॉट, लेग प्रेस (मशीनवर बसून पायांनी वजनाची फळी ढकलणं), पायरी चढणं, यांत वाटीवरचा ताण सुरुवातीच्या पंचेचाळीस अंशांत कमी असतो आणि खाली जाल तसा वाढतो. सुरुवातीला शून्य ते पंचेचाळीसच वापरा.

लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर, जिथे बसून नडगीवरची गादी वर उचलायची असते, हिशेब उलटा आहे. पाय सरळ होत येतो तसा वाटीचा खाचेला टेकणारा भाग लहान होतो आणि बळ थोड्याच जागेवर एकवटतं. म्हणून इथे नव्वदपासून पंचेचाळीसपर्यंतच उचला आणि तिथूनच परत खाली या. शेवटचा, पाय ताठ करण्याचा टप्पा सुरुवातीला पूर्ण वगळा. नेमका हाच टप्पा 'स्क्वीझ कर, स्क्वीझ कर' म्हणत करून घेण्याची जिममध्ये पद्धत आहे. ट्रेनरला नम्रपणे सांगा की तुमची मर्यादा ठरलेली आहे. बऱ्याच मशीनला कोन अडवणारी पिन असते, ती कुठे आहे तेवढं विचारून घ्या. पिन नसेल तर बाजूच्या आरशात पाहून थांबा.

'लेग एक्स्टेन्शन गुडघ्याचा शत्रू' असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मांडीचा पुढचा स्नायू एकट्याने काम करतो असे व्यायाम थोडेच आहेत, आणि मर्यादेत केला तर हा त्यातला फार उपयोगी आहे.

स्क्वॉटमध्ये पंचेचाळीस मोजायला उपकरण लागत नाही. खुर्चीवर दोन जाड उशा किंवा लोड ठेवा, पाठमोरे उभे राहा आणि बूड त्यांना लागेपर्यंतच खाली जा. गुडघा सुधारला की एक उशी काढा, मग दुसरी. किलो वाढवण्याआधी उशी काढायची, असं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पहिले दोन आठवडे: घरीच, सतरंजीवर

या टप्प्यात जिमची पावती फाडण्याची गरज नाही. पाच मिनिटं सपाटीवर चालून घ्या आणि सुरू करा. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेत.

भिंतीला पाठ लावून पाय दीड-दोन फूट पुढे ठेवा आणि घसरत पंचेचाळीस अंशांपर्यंत खाली या. तिथे तीस ते पंचेचाळीस सेकंद थांबा, मिनिटभर विश्रांती, असं चार-पाच वेळा. मांडी थरथरायला हवी, वाटी दुखायला नको. दुखली तर दोन-तीन इंच वर सरका, बहुतेकांना दुखणं थांबेल अशी जागा सापडते. नागपूरच्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून हे करू नका, पाय सटकतो.

कुशीवर झोपा. खालचा पाय थोडा दुमडलेला, वरचा सरळ. वरचा पाय टाचेच्या बळावर किंचित मागे आणि वर उचला, फूटभर पुरे. ताण कुल्ल्याच्या वरच्या-मागच्या भागात जाणवला पाहिजे. खुब्याच्या पुढच्या बाजूला ओढ लागत असेल तर पाय पुढे आला आहे किंवा कंबर मागे कलली आहे. पाठ भिंतीला टेकवून आणि टाच भिंतीवरूनच सरकवत हा व्यायाम केला की चूक करायला जागाच उरत नाही. बारा ते पंधरा वेळा, तीन सेट, दोन्ही बाजूंनी. दुखत नसलेला पायही तितकाच करा.

मग ब्रिज: पाठीवर झोपून, पाय दुमडून, टाचा रोवून कंबर वर. वर दोन सेकंद थांबा. गुडघे एकमेकांकडे पडतात का ते पाहा. मांडीभोवती रबराचा लूप बँड असेल तर तो घालून गुडघे किंचित बाहेर ढकललेले ठेवा. कुल्ल्याऐवजी मांडीच्या मागे गोळा यायला लागला तर टाचा बुडाच्या जवळ घ्या. हेही बारा-पंधरा वेळा, तीन सेट.

शेवटी उभं राहून दोन्ही टाचा उचलणं, भिंतीला हात लावून, पंधरा वेळा तीन सेट. पोटरी धावण्यात फार मोठा वाटा उचलते आणि गुडघा दुखतो म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

याच काळात दिवसभराची बेरीजही पाहावी लागते. व्यायामशाळेत पंचेचाळीस अंश पाळायचे आणि घरी उकिडवं बसून अंगण झाडायचं, पंगतीत तासभर मांडी घालायची, दिवसातून पाच वेळा तीन मजले उतरायचे, तर हिशेब कसा जुळेल? हे काही कायमचं सोडायचं नाही. तीन-चार आठवडे शक्य तिथे खुर्ची घ्या, भारतीय पद्धतीच्या संडासाऐवजी कमोड असेल तर तो वापरा, ऑफिसमध्ये अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाय मोकळे करा. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी मागचा गुडघा जमिनीला टेकतो तिथे जाड घडी ठेवावी, कारण तिथे वाटीवर थेट वजन पडतं. वज्रासन तूर्त बाजूला.

तिसरा ते सहावा आठवडा: आता लोखंड

सलग तीन-चार सकाळी जिन्याचा आकडा दोनच्या आत राहिला की इथे या. नाही राहिला तर आणखी आठवडाभर मागच्याच टप्प्यात राहा. आठवड्यांचे आकडे अंदाजापुरते आहेत, कोणाला जास्त लागतात, कोणाला कमी.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान अठ्ठेचाळीस तास. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, तीन सेट. वजन असं घ्या की सेट संपताना आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं. खाली जाताना मनात तीन मोजा. सावकाश खाली येण्याने वजन कमी असूनही स्नायूला भरपूर काम मिळतं, आणि झटका बसत नाही.

बॉक्स स्क्वॉटने सुरुवात. वर सांगितल्याप्रमाणे उशा ठेवून उंच केलेली खुर्ची, छातीशी धरलेलं एक डंबेल. घरी करणार असाल तर तांदळाची पाच किलोची थैली छातीशी धरा, तेवढंच होतं. बूड मागे न्या, धड थोडं पुढे झुकू द्या. धड अगदी ताठ ठेवण्याच्या नादात गुडघे जास्त पुढे जातात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर, पर्यायाने वाटीवर, जास्त ओढ येते. गुडघा बोटांपुढे जाताच कामा नये हा नियम मात्र मी इतका कडक पाळायला सांगत नाही. जिना उतरताना तो जातोच.

रोमानियन डेडलिफ्ट या टप्प्यातला माझा सगळ्यात आवडता व्यायाम आहे, कारण गुडघा फार वाकत नाही आणि तरी भरपूर वजन उचलता येतं. गुडघे किंचित सैल, वजन मांड्यांना लागून, बूड मागे ढकलत वाका, पाठ सपाट. मांडीच्या मागे ताण आला की परत वर. गुडघा दुखतो म्हणून हताश झालेल्या माणसाला इथे पुन्हा 'जड' काहीतरी उचलता येतं, त्याचा मनावरही चांगला परिणाम होतो. पाठीचं दुखणं असेल तर मात्र हा व्यायाम जाणत्या माणसासमोरच शिका.

लेग प्रेसवर सीट मागे सरकवून किंवा स्टॉपर लावून पंचेचाळीसपर्यंतच खाली येईल असं करा. पाय फळीवर जरा वर ठेवा. इथे प्लेटा चढवण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण मशीन झुकलेलं असतं आणि वजन हलकं भासतं. शेजारचा दोनशे किलो ढकलत असेल, ढकलू दे. लेग एक्स्टेन्शन नव्वद ते पंचेचाळीस, हलक्या वजनाने. बँड घोट्याच्या वर बांधून आडवं चालणं, प्रत्येक दिशेला दहा-बारा पावलं. पायरी चढणं चार इंचांच्या पाटावरून सुरू करा, मागच्या पायाने ढकलायचं नाही, सगळं काम वरच्या पायाने.

वाढ करताना एका वेळी एकच गोष्ट बदला: कोन, वजन, सेट किंवा वेग. मंगळवारी उशी काढली तर त्याच मंगळवारी वजन वाढवू नका. नाहीतर बुधवारी दुखलं तर कशाने दुखलं हे वहीत शोधूनही सापडणार नाही. वजन वाढवताना जिममधली सगळ्यात लहान प्लेट वापरा. सव्वा किलोच्या प्लेटा बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात.

चालत जाणारे लंज (लांब पाऊल पुढे टाकून गुडघे वाकवणं), उड्या, पूर्ण बैठका आणि पाय ताठ करणारं एक्स्टेन्शन अजून नको.

सातव्या आठवड्यापासून

धावणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर पडत जाणं. म्हणून आता एका पायाचे व्यायाम मुख्य होतात.

स्टेप-डाउन हा व्यायामही आहे आणि परीक्षाही. सहा इंचांच्या पायरीवर एका पायाने उभे राहा, दुसरा पाय पुढे सोडून टाच जमिनीला हलकेच टेकवा आणि परत वर या. कोणाला तरी समोरून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. तीन गोष्टी पाहा: गुडघा अंगठ्याच्या आत घसरतो का, कमरेची एक बाजू खाली पडते का, आणि धड एका बाजूला कलतं का. घसरत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या आणि खुब्याचे व्यायाम सुरू ठेवा. आरशापेक्षा चित्रण बरं, कारण आरशात पाहताना माणूस नकळत सुधारून करतो.

स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक), एका पायाचा लेग प्रेस, एका पायाचा ब्रिज, एका पायावर टाच उचलणं हे हळूहळू आणा. स्क्वॉटची खोली नव्वदपर्यंत जाऊ द्या, एक्स्टेन्शनही दर आठवड्याला थोडं अधिक सरळ होऊ द्या. मर्यादा तात्पुरती होती, ती काढायची आहे. कित्येक जण बरे होऊनही वर्षभर अर्धवट स्क्वॉट मारत राहतात, मग एक दिवस लग्नात पंगतीत बसले की गुडघा बोलतो.

वजन वाढल्यावर सहा ते आठ वेळांचे जड सेट करायला हरकत नाही. शेवटी उड्या: आधी दोन्ही पायांनी जागेवर लहान दोरीउड्यांसारख्या, मग एका पायावर. वीस-वीसचे दोन-तीन सेट, आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या सकाळचा नियम इथे सगळ्यात कडक पाळा.

धावणं बंद करायचं का?

बहुतेकांना नाही. २०१८ साली कॅनडातल्या एका चाचणीत रनर्स नी असलेल्या ६९ धावपटूंचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त धावण्याचा भार कसा सांभाळायचा ते शिकवलं, दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम दिले, तिसऱ्याला त्यासोबत धावण्याची ढब बदलायला शिकवली. आठ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. व्यायाम फुकट गेला असा अर्थ मी काढत नाही, ताकद पुढच्या मोसमासाठीही लागते. पण जिममध्ये घाम गाळून रस्त्यावर तेच अविचारी किलोमीटर चालू ठेवले तर उपयोग नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

अंतर इतकं कमी करा की मीटर दोनच्या वर जाणार नाही. एक मोठी धाव मोडून तीन लहान करा. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल. उतार टाळा: सेमिनरी हिल्सची बाजू सोडून फुटाळ्याच्या काठचा सपाट भाग घ्या. रस्त्याच्या कडेच्या उताराने एक पाय सतत खाली पडतो, म्हणून पहाटे रहदारी नसताना सपाट पट्टा निवडा, किंवा मैदानावर धावत असाल तर मध्येच दिशा बदला.

पावलांची गती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवणं हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा आणि चाराने गुणा. १६० आले तर तोच वेग ठेवून १६८ च्या आसपास न्या, म्हणजे पावलं आपोआप छोटी होतात. प्रयोगशाळेतल्या मोजमापात गती दहा टक्के वाढवल्यावर वाटीवरचा सर्वाधिक भार सुमारे चौदा टक्के कमी झालेला दिसला आहे. पोटरीला जास्त काम पडतं, त्यामुळे पहिले काही दिवस धावेतला थोडाच वेळ असं धावा.

आपल्याकडे सगळा राग सिमेंटच्या रस्त्यांवर काढतात. नागपुरात ते सगळीकडे झालेत, आणि पायाला कडक लागतात हेही खरं. पण त्याच रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावणारे निवांत आहेत. माझा संशय नेहमी आधी अंतराच्या घाईवर, मग उतारावर, मग झिजलेल्या बुटांवर, आणि शेवटी सिमेंटवर जातो.

आठवड्याची मांडणी साधी ठेवा. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी छोटी धाव आणि संध्याकाळी वजनाचा व्यायाम, रविवारी त्यातल्या त्यात लांब धाव. उरलेल्या दिवसांत चालणं, हलकं सायकलिंग (सीट उंच ठेवून) किंवा पोहणं, त्यातही गुडघ्याला ताण देणारी बेडकासारखी लाथ नको. कष्टाचे दोन्ही प्रकार एकाच दिवशी आणले की गुडघ्याला मध्ये खरी विश्रांती मिळते. रोज थोडं हे, थोडं ते केलं की ती कधीच मिळत नाही.

मार्च ते जून हा हिशेब पहाटेवर न्या. पारा पंचेचाळिसाला भिडतो त्या दिवसांत पत्र्याखालच्या जिममध्ये दुपारी जड सेट मारणं हा निव्वळ हट्ट आहे.

लहानसहान गोष्टी

वाटीला लावायची टेप किंवा नी-कॅप पहिल्या काही आठवड्यांत दुखणं कमी करून व्यायाम करू देत असेल तर जरूर वापरा, पण व्यायामाच्या जागी नाही. बुटातल्या तयार इनसोलचंही तसंच. बर्फाने बरं वाटत असेल तर दहा-पंधरा मिनिटं कापडात गुंडाळून लावा.

स्नायू वाढायला प्रथिनं लागतात: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सत्तर ते पंच्याण्णव ग्रॅम. रविवारच्या धावेनंतरच्या तर्री पोह्यांत चणे असतात हे मान्य, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. डाळ, दही, अंडी, पनीर, सोयाबीन, मासे, चिकन, जे घरात चालतं ते प्रत्येक जेवणात घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुन्हा दुखलं तर

दुखणारच, कधीतरी. लग्नघरात दिवसभर धावपळ झाली, गाडी बिघडली आणि चार मजले सामान उचललं, किंवा नुसता उत्साह जास्त झाला. अशा वेळी दोन दिवस धावणं आणि गुडघा वाकवून करायचे जड व्यायाम थांबवा. खुब्याचे व्यायाम, ब्रिज आणि भिंतीला टेकून बसणं सुरू राहू दे. तिसऱ्या दिवशी शेवटच्या सोप्या गेलेल्या वजनावर आणि कोनावर परत या, आणि तिथे दोन सत्रं काढून मग पुढे. पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करण्याची गरज क्वचितच पडते.

पूर्ण धावणं सुरू करण्याआधी मी इतकं पाहतो: वेगाने अर्धा तास चालल्यावर दुखत नाही, सहा इंचांच्या पायरीवरून दहा स्टेप-डाउन गुडघा न घसरता होतात, एका पायावर वीस उड्या मारून दुसऱ्या सकाळी जिना नेहमीसारखा उतरता येतो, आणि दोन्ही पायांच्या ताकदीत फार फरक उरलेला नाही. लेग प्रेसवर एका-एका पायाने तेच वजन किती वेळा होतं ते मोजून हा फरक सहज कळतो. मग आधी सपाटीवरचं अंतर वाढवा, नंतर वेग, आणि उतार सगळ्यात शेवटी. शर्यतीच्या मोसमातही आठवड्यातून एकदा वजनाचा व्यायाम ठेवा, फक्त लांब धावेच्या आदल्या दिवशी नको.

सहा ते आठ आठवडे हे सगळं नीट करूनही सकाळचा आकडा हलला नाही, तर आणखी महिनाभर तेच रेटू नका. खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना ती वही आणि स्टेप-डाउनचं चित्रण सोबत न्या.